फोन आला की भोंगा बंद

१२ एप्रिल १९९९, सोमवार

कॉम्प्युटर आला. त्लाहियाकोहून बटाट्यांच्या ट्रकमधून, शेवटचा सगळा घाट माझ्या मांडीवर. युकुनीनो गावातला पहिला कॉम्प्युटर. शाळेत एक आहे, पण त्यावर हेडमास्तर टोपी ठेवतात, तो मी धरत नाही.

आता ब्राउलिया संपली. गेल्या वर्षी चौकापलीकडे स्वतःचा फोन घेऊन बसली ती बाई. गावातला पहिला फोन माझा. पलीकडून, म्हणजे सीमेपलीकडच्या अमेरिकेतल्या शेतांतून, कुणाच्या मुलाचा फोन आला की मी म्हणायचं, दहा मिनिटांनी पुन्हा कर. मग छपरावरच्या भोंग्यात त्या घराचं नाव घ्यायचं. मग त्याची आई डोंगरावरून धापा टाकत येणार आणि माझ्या बाकावर बसणार. ब्राउलियाही अगदी असंच करते. माझंच बघून शिकली, आणि वर तोंड करून म्हणते की तिचा भोंगा स्पष्ट आहे.

माझा प्लॅन: फोन मोडेम उचलणार. मुलगा आपल्या घराचा नंबर दाबणार. साउंड कार्ड त्या घराची घोषणा माझ्या आवाजात भोंग्यातून सोडणार. मी खुर्चीत. बोटसुद्धा हलवायचं नाही.

रुफीना म्हणाली, आणि नाबोरचा फोन आला तर? मी म्हटलं, तर भोंग्यात तुझं नाव येईल, चुलीपाशी बसून ऐक. नाबोर आमचा एकुलता. ईस्टर झाल्याबरोबर गेला पलीकडे. पोचलो की फोन करतो म्हणाला, अजून केलेला नाही. वाळवंट आहे, वेळ लागणारच. काळजी करण्याची सवय रुफीनाला माहेराहून आहे.

१३ एप्रिल

दिवसभर घोषणा रेकॉर्ड केल्या. प्रत्येक घराची वेगळी, घराच्या कर्त्याच्या नावाने, नावाआधी मानाचं 'दोन', बाई असेल तर 'दोन्या'. आवाज उत्तम लागला. रुफीनाचं म्हणणं, मी ओरडतो. तिला रेडिओचा आवाज आणि ओरडणं यातला फरक कळत नाही.

जुना फोन काढून फळीवर ठेवला. तार थेट मोडेममध्ये.

१५ एप्रिल, सकाळी ९

पहिला फोन. नाबोरचा धर्मपिता, माझा कोंपाद्रे फिदेन्सियो, त्याच्या मुलीचा, पलीकडच्या ऑक्सनार्डहून. मोडेमने उचलला, तिने नंबर दाबला, भोंगा सुरू झाला: दोन फि-फि-फि-फि-फि-फि. मी प्लग उपटेपर्यंत फि.

फिदेन्सियो आला तो फोनसाठी नाही, भांडायला. गावासमोर माझ्या नावाची थट्टा केलीत म्हणाला. मी म्हटलं, कोंपाद्रे, ही थट्टा नाही, हा तांत्रिक दोष आहे. तो म्हणाला, दोष तांत्रिक असेल, पण नाव माझं होतं.

चौकातली पोरं आता त्याला तसंच बोलावतात. त्यात माझा काय संबंध?

१६ एप्रिल

मोडेमची तार काढली, जुना फोन लावला, त्लाहियाकोला इंजिनियर ओविदियोला फोन केला. याच गृहस्थाने मला मशीन विकलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, इंटरप्ट कॉन्फ्लिक्ट.

मला वाटलं शिवी दिली. मग समजावलं. मदरबोर्डवर घंट्या असतात, प्रत्येकीला नंबर. कुठल्याही कार्डाला काम पडलं की ते आपली घंटा वाजवतं आणि प्रोसेसर हातातलं सोडून तिकडे धावतो. माझ्या मशीनमध्ये साउंड कार्ड आणि मोडेम दोघांनी पाच नंबरची घंटा धरलीय. त्यामुळे फोन आला की भोंगा बंद.

म्हणजे एवढंच. एकाला पाच नंबरवरून उठवायचं. उद्या दुपारच्या आत करतो.

फोन ठेवता ठेवता ओविदियो म्हणाला, दोन एर्मिलो, फोन उचलायला माणसाचा हात पुरतो. विकताना हे का नाही म्हणाला? हलकट माणूस. जुना फोन परत काढून फळीवर ठेवला.

१७ एप्रिल, दुपार

नाही झालं. उद्या.

१९ एप्रिल

दोष कुणाचा ते सापडलं. मदरबोर्डमध्ये एक निळा पडदा आहे, मशीन चालू करताना बटण दाबून धरलं की दिसतो. तिथे प्रश्न विचारलाय: घंट्यांचे नंबर ऑपरेटिंग सिस्टिम वाटते का? मी 'हो' केलं. मदरबोर्डने हात वर केले. मग ऑपरेटिंग सिस्टिम उघडली, तर ती म्हणते नंबर मदरबोर्डने आधीच वाटलेत, मी कशाला हात लावू. मग 'नाही' केलं. आता मदरबोर्डने वाटले, आणि दोघांनाही पाचच दिला.

आमच्या सरपंचाचं आणि फादरचं हेच. चर्चचं छप्पर गळतं, आणि प्रत्येक जण म्हणतो ते काम दुसऱ्याचं.

रुफीना दोनदा येऊन विचारून गेली, फोन लागला का. मी म्हटलं, मदरबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यात वाद चालू आहे. ती म्हणाली, ते दोघं गेले खड्ड्यात, माझा मुलगा तेरा दिवस वाळवंटात आहे. या बाईशी तांत्रिक चर्चा होऊ शकत नाही.

२१ एप्रिल

मोडेम सातवर नेला. प्रिंटर मेला. प्रिंटर माझ्याकडे नाही, पण असता तर मेला असता, त्यामुळे परत आणला.

मोडेम बारावर नेला. माऊस मेला. माऊसशिवाय परत आणायला संध्याकाळ गेली.

दरम्यान गिऱ्हाइकं येतात, बाकावर बसतात, मशीनकडे बघतात आणि उठून ब्राउलियाकडे जातात. जाताना 'परवानगी द्या' असं नम्रपणे म्हणतात. सगळं नाटक.

२४ एप्रिल

साउंड कार्डावर जंपर असतात, मक्याच्या दाण्याएवढ्या काळ्या टोप्या. त्या हलवल्या की नंबर बदलतो. पुस्तक चिनी आहे, चित्रं समजली. एक टोपी काढून टेबलाच्या कडेला ठेवली. रुफीनाची तांबडी कोंबडी आली आणि तिने टोपी गिळली.

मी म्हटलं, कोंबडी कापावी लागेल. रुफीना म्हणाली, हात तर लावून बघा. मग कोंबडीच्या मागे अंगणात फिरत बसलो. चौकातून ब्राउलियाने बघितलं. माझ्याकडे बघून हात हलवला. लोकांना एवढा उद्धटपणा जमतो कसा मला कळत नाही.

टोपी दुसऱ्या कार्डाची काढून बसवली. कुठल्या, ते लिहून ठेवायचं राहिलं.

२६ एप्रिल, संध्याकाळी ६

मोठी प्रगती. आज संध्याकाळी मोडेमने आपणहून फोन उचलला आणि मस्त किंचाळला. घरभर आवाज. बराच वेळ चालू होतं, मग थांबलं. भोंगा वाजला नाही, पण मोडेम ठणठणीत आहे हे सिद्ध झालं. म्हणजे गुन्हेगार साउंड कार्डच.

रुफीना हात पुसत धावत आली. कोण होतं? मी म्हटलं, कुणी नाही, मोडेम स्वतःची चाचणी घेतो.

२७ एप्रिल, ६ वाजता

पुन्हा किंचाळला. बरोबर सहाला. मदरबोर्डचं घड्याळ अचूक आहे, एवढं श्रेय द्यायला हवं.

२८ एप्रिल

आज जे झालं त्यात माझी काहीही चूक नाही. इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

वरच्या आळीतले म्हातारे दोन मेलीतोन परवा गेले. आज दफन. सगळं गाव, पुढे बँड, मध्ये शवपेटी, चौकातून निघालेलं. मीही काळा कोट घालून त्यात. आणि माझा भोंगा बोलला. गेल्या दोन आठवड्यांत पहिल्यांदा, एकही अक्षर न अडखळता: 'दोन मेलीतोन, आपल्याला पलीकडून फोन आहे, वेळ न घालवता यावे.'

बँड थांबला. पेटी उचलणाऱ्यांनी पेटी खाली ठेवली. मागून कुणीतरी म्हणालं, येतील हो, जरा दम धरा, त्यांनाही चालायला वेळ लागतो. हसू फुटलं ते सगळ्यात पुढच्या रांगेत. विधवा दोन्या सेवेरियाना हसली नाही.

झालं काय, तर तिच्या पुतण्याने फ्रेस्नोहून सांत्वनाला फोन केला, घराचा नंबर दाबला, आणि त्या घराची घोषणा कर्त्याच्या नावाची. कर्ता कोण होता? मेलीतोन. मशीनने सांगितलेलं काम केलं. पुतण्यालाही कळायला हवं होतं.

मी हे दोन्या सेवेरियानाला कबरीपाशी समजावून सांगितलं. ती म्हणाली, दोन एर्मिलो, माझ्या नवऱ्याला जिवंतपणी तुम्ही कधी एवढ्या मानाने हाक मारली नाहीत. तिचा धाकटा भाऊ वाटेत माझ्या छपरावर दगड मारून गेला. भोंग्याला पोचा.

पण ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली का? अख्खं वाक्य, सलग. तंत्र बरोबर आहे. म्हणून संध्याकाळी पुन्हा ट्राय केलं. दोन मे-मे-मे-मे.

सहाला किंचाळला. रोजच्यासारखा.

१ मे

रुफीना बोलत नाही. बोलली तर एकच: जुना फोन लावा. मी समजावलं, दहा मेला आई दिवस आहे. वर्षातून एकदा पलीकडची सगळी मुलं एकाच दिवशी आपापल्या आईला फोन करतात. तोपर्यंत मशीन तयार झालं की गावातल्या सगळ्या आया माझ्या बाकावर, आणि ब्राउलिया एकटी माशा मारत. आत्ता जुना फोन लावणं म्हणजे ब्राउलियापुढे नाक घासणं.

ती म्हणाली, तुमचं नाक तुमच्यापाशी ठेवा, मला माझा मुलगा जिवंत आहे का तेवढं सांगा.

जिवंत आहे. मला खात्री आहे. मुलगा माझ्यावर गेलाय.

४ मे

निर्धार: सगळं पुसून ऑपरेटिंग सिस्टिम पहिल्यापासून टाकायची. नवी सिस्टिम, नवे नंबर, जुनी भांडणं खल्लास. ओविदियोला विचारणार नाही. तो फोनवर हसतो.

७ मे, संध्याकाळ

टाकली. तीन दिवस लागले कारण मध्ये वीज गेली आणि पुन्हा पहिल्यापासून. घोषणाही पुसल्या गेल्या. सगळ्या. माझ्या चुकीने नाही, तिने विचारलं होतं, पण इंग्रजीत.

सहाला किंचाळला. मी मोडेमला म्हटलं, गप. रुफीना दारात उभी होती. बघत राहिली, मशीनकडे नाही, माझ्याकडे.

९ मे, रविवार

झालं. झालं म्हणजे झालं. सगळ्या घोषणा पुन्हा रेकॉर्ड केल्या. साउंड कार्ड पाचवर, मोडेम दहावर. पडद्यावर कुठेही दोषाचं पिवळं चिन्ह नाही. भोंग्यातून बावीस घरांची नावं एका दमात वाजवून बघितली. पोच्यामुळे आवाज किंचित नाकातून येतो, पण शब्द न् शब्द सलग. ब्राउलिया दारात येऊन उभी राहिली. मी टोपी काढून तिला अभिवादन केलं.

फोनची तार चाचणीच्या वेळी काढलेली होती, कारण पुस्तकात एका वेळी एकच गोष्ट तपासा असं चित्र आहे. मात्र त्याने काही फरक पडायचं कारण नाही.

बाकाला निळा रंग दिला. उद्या.

१० मे, आई दिवस

सकाळी ७. बाक भरला. दोन्या सेवेरियानासुद्धा आली, काळी शाल घेऊन. भोंग्याचा आवाज काल ऐकला ना, म्हणाली, म्हणून आले, बघू तरी. रुफीना सगळ्यांत कडेला. निळा ड्रेस घातलाय, नाबोरने घेतलेला. रंग ओला आहे का, हे कुणीतरी मला आधी विचारायला हवं होतं.

सकाळी ८. पहिला फोन. मोडेम किंचाळला. भोंगा: दोन्या से-से-से-से-से.

सकाळी ९. निळ्या पडद्यात 'हो' केलं. पाच आणि पाच.

सकाळी १०. 'नाही' केलं. पाच आणि पाच. काल दहा होता, मी डोळ्यांनी बघितलं होतं. फोनची तार लावली की हे परत पाचवर येऊन बसतात, दोघेही, बाकावर बसावं तसे.

११. सगळ्यांसमोर सांगितलं की दोष मदरबोर्डचा आहे. फिदेन्सियोची बायको म्हणाली, दोष कुणाचाही असो, माझ्या मुलीच्या फोन कार्डावरची मिनिटं संपतायत. उठली. पाठीवर निळ्या रंगाचे पट्टे घेऊन चौक ओलांडून गेली. पाच मिनिटांत ब्राउलियाच्या भोंग्यात तिचं नाव. स्वच्छ.

मग एकेक बाई उठली. प्रत्येकीचं नाव चौकापलीकडून ऐकू येत होतं. दोन्या सेवेरियाना जाताना 'परवानगी द्या' म्हणून गेली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

दुपारी ३. छपरावर चढून स्वतःच्या तोंडानेच ओरडून नावं घ्यायचा विचार केला. पण कुणाचा फोन ते कळायला फोन उचलावा लागतो, आणि फोन मशीन उचलतं.

५. बाकावर फक्त रुफीना. म्हणाली, अहो, जुना फोन लावा. एक तासभर. मी हात जोडते. मी म्हटलं, आज? सगळ्या चौकासमोर? आज लावला तर महिन्याभराच्या कष्टांवर पाणी.

६. मशीन किंचाळलं.

रुफीना म्हणाली, हा नाबोर आहे. मी म्हटलं, चाचणी आहे, रोज होते. ती म्हणाली, रोज सहाला होते, कारण तिकडे शेतावरचं काम आपल्या सहाला सुटतं. मशीनला आई दिवस माहीत नसतो. माझ्या मुलाला माहीत आहे.

मी म्हटलं, हे अंदाज आहेत, पुरावा नाही. ती उठली. निळ्या ड्रेसवर निळा रंग दिसत नव्हता. चौक ओलांडून ब्राउलियाकडे गेली. माझी बायको, सगळ्यांच्या देखत. तिला मी लग्नानंतर इतक्या वेगाने चालताना बघितलेलं नाही.

११ मे

फोन कुणाचाच नाही. शांतता असल्यामुळे कामाला उत्तम दिवस. रुफीनाने काल ऑक्सनार्डला फिदेन्सियोच्या मुलीला ब्राउलियाच्या फोनवरून निरोप दिला म्हणे, नाबोरचा पत्ता लागला तर त्याला ब्राउलियाचा नंबर कळव. तिकडे गावातली माणसं एकमेकांना ओळखतात, लागेल म्हणतात.

तिचं नेहमीचंच. उगीच आशा लावून घेतली आहे. जेवायला थंड बीन्स आणि कालच्या रोट्या.

१३ मे

सहाला मशीन किंचाळलं नाही.

घड्याळ बिघडलं असावं. तपासलं. बरोबर आहे. मोडेम बिघडला असावा. तपासला. बरोबर आहे. बराच वेळ तारेकडे बघत बसलो.

१४ मे

आजही नाही. सहापासून आठपर्यंत मशीनसमोर बसून होतो. काम होतं म्हणून.

१६ मे, रविवार

चर्चमधली मिस्सा संपल्यावर लोक चौकात होते. ब्राउलियाचा भोंगा सुरू झाला. म्हणाली, सेन्योरा रुफीना, दोन एर्मिलो, फ्रेस्नोहून तुमचा मुलगा नाबोर दहा मिनिटांनी पुन्हा फोन करतोय, या.

माझं नाव. त्या भोंग्यात.

रुफीना धावत गेली. मी आधी ठरवलं, जायचं नाही. मग गेलो. चौक तसा लहान आहे, पण आज सगळं गाव कडेला उभं होतं आणि फिदेन्सियोने माझ्यासाठी वाट करून दिली. त्याने थट्टा केली असती तर मला चाललं असतं.

रुफीना फोनवर रडत होती आणि हसत होती. मुलगा पोचलाय. द्राक्षांच्या मळ्यात काम लागलंय. पाय सोलवटले होते, बरे झाले. मग तिने रिसीव्हर माझ्या हातात दिला. नाबोर म्हणाला, बाबा, काय झालंय तुमच्या फोनला? अडीच आठवडे काम सुटलं की बूथवर रांग लावून फिरवतोय. उचलता आणि किंचाळता. शेवटी नाद सोडला, आज हा नंबर मिळाला. मला वाटलं, तुम्ही रागावलात म्हणून असं करता. मला वाटलं, आईला काहीतरी झालंय आणि तुम्ही सांगत नाही.

मी म्हटलं, ऑपरेटिंग सिस्टिम आणि मदरबोर्ड यांच्यात इंटरप्ट कॉन्फ्लिक्ट आहे. पाच नंबरच्या घंटेवर दोघं बसलेत. तो म्हणाला, काय? मी पुन्हा सांगायला गेलो आणि इं-इं-इं झालं. रुफीनाने रिसीव्हर काढून घेतला.

ब्राउलिया तिच्या टेबलामागे बसून होती. तिने मला पाणी दिलं. मग माईक माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, दोन एर्मिलो, मुलगा पोचला की त्याच्या घरच्यांनीच गावाला सांगायचं, ही रीत तुम्हीच पाडलीत. सांगा.

तिची थट्टा आहे का बघितलं. नव्हती.

बटण दाबलं. म्हटलं, मी एर्मिलो बोलतोय. आमचा नाबोर पलीकडे सुखरूप पोचला. माझा आवाज छपरावरून गेला, डोंगरावर आपटून परत आला, एकही अक्षर अडखळलं नाही. बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या. बटणावरून बोट काढणार होतो. मग बाक दिसला, ब्राउलियाचा, त्यावर दोन्या सेवेरियाना आणि आणखी चौघी आपापल्या मुलांच्या फोनची वाट बघत होत्या.

पुन्हा बटण दाबलं आणि म्हटलं, ज्यांची मुलं पलीकडे आहेत त्यांनी त्यांना दोन्या ब्राउलियाचा नंबर द्यावा. माझ्याकडे करू नका. माझ्याकडे फोन कुणी उचलत नाही.